खेकड्यावर कोण कोण आहे?

खेकडा पहिल्यांदा बोलला तेव्हा मी टेबलाखाली होते.

गुडघ्यांवर बसून वायर खोचत होते. वर टेबलावर ऑफिसचा नवा कॉन्फरन्स फोन ठेवला होता. तीन पायांचा, काळा, चपटा, मधोमध जाळी. खोक्यातून काढल्या काढल्या केपुएली साहेबांनी त्याच्याकडे लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, "हा तर खेकडा." तेव्हापासून त्याचं नाव तेच पडलं. आमची सहकारी संस्था बेटाबेटांवरून माल गोळा करते आणि बोटीने टोंगाच्या राजधानीला, नुकुआलोफाला, आणते. कुठल्या बेटावरून काय चढणार हे दर सोमवारी ठरतं, आणि इतकी वर्षं ते खरखरणाऱ्या रेडिओवर ठरायचं. आता खेकडा आला होता, आणि त्याला चालू करायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं, कारण सूचनांचं पुस्तक सुलट धरणारी ऑफिसात मी एकटीच.

वायर बसली. वर दिवे लागल्याचा 'टिक' आवाज आला. आणि लगेच एक पुरुषी आवाज, अगदी माझ्या डोक्यावर, शांतपणे म्हणाला, "अहो... आत कुणी आहे का?"

मी ताडकन उठले. टेबल जागचं हललं नाही, माझं डोकं मात्र चांगलंच शेकलं.

"काही फुटलं का?" आवाजाने काळजीने विचारलं.

"डोकं."

"फोनचं?"

"माझं."

पलीकडून हसू. दाबून धरलेलं, तरी निसटलेलं. मी डोकं चोळत टेबलाच्या कडेवरून वर पाहिलं. खोलीत कुणीच नव्हतं. नुसता खेकडा, त्याचे तीन हिरवे दिवे, आणि त्याच्या पोटातून हसणारा एक परका माणूस. हा फोन कुणी लावला तर आपोआप उचलला जातो, हे पुस्तकात पुढच्या पानावर होतं. तिथवर मी पोचलेच नव्हते. माझ्या छातीत जे धडधडत होतं ते घाबरल्यामुळेच, अशी मी स्वतःची समजूत घातली.

तो फेलेटी. आमच्या वावाउ बेटावरच्या शाखेत नुकताच कामाला लागलेला. त्यालाही एक खेकडा मिळाला होता आणि तोही तो एकट्यानेच जोडत बसला होता. मग दर सोमवारी मीटिंगच्या आधी आम्ही दोघं आवाजाची चाचणी घ्यायला लागलो. खरं तर चाचणीला फार वेळ लागत नाही. आम्हाला लागायचा.

अशाच एका चाचणीत तो एकदम म्हणाला, "तुमचं गाव सांगा बघू."

"कशाला?"

"म्हणजे पुढचं बोलायचं की इथंच थांबायचं ते कळेल."

माझे कान गरम झाले. कारण आमच्याकडे हा प्रश्न उगाच कुणी विचारत नाही. टोंगात चुलत, मावस, आत्ये असे वेगळे भाऊ नसतातच, सगळे सख्खेच. आणि भाऊ-बहिणीचं नातं म्हणजे सोवळं. भावासमोर बहिणीची साधी थट्टा करायची नाही, दोघांनी एका खोलीत बसून प्रेमाचा सिनेमा बघायचा नाही. चार माणसांत कुणाला चावटपणा सुचला तर तो आधी चौफेर बघतो आणि विचारतो, इथे कुणी भाऊ-बहीण आहेत का? असले, तर गिळून टाकतो.

तर आम्ही दोघांनी आपापली गावं काढली, मग आयांची, मग आज्यांची. माझ्या आईची आई वावाउचीच निघाली, आणि तीही त्याच्या शेजारच्या गावची, तेव्हा खेकड्यावर अशी काही शांतता पसरली की तिकडचा कोंबडासुद्धा स्पष्ट ऐकू आला.

"कुठल्या घरची?" त्याने हळूच विचारलं.

"चर्चच्या मागच्या."

"आमची आजी टेकडीवरच्या घरची..." त्याने एक लांब श्वास सोडला. जाळीतून तो माझ्या तोंडावर आल्यासारखा वाटला. "मग ठीक."

"काय ठीक?"

"आवाज. आवाज ठीक येतोय. चाचणी पूर्ण."

त्या दिवशी साहेबांना मी मोठ्या हौसेने सांगितलं की यंत्र एकदम उत्तम आहे.

साहेबांना मात्र यंत्राची एक गोष्ट खटकली होती. आमची मीटिंग प्रार्थनेने सुरू होते, आणि साहेबांची प्रार्थना आखूड नसते. मध्येच कुणी फोनवर आलं की खेकडा 'टिंग' करायचा आणि आतली बाई थंडपणे जाहीर करायची, अमुक आले आहेत. हे अमुक म्हणजे नेहमी हापाई बेटाचा लिसियाटे, माझा चुलत भाऊ, म्हणजे आमच्या हिशेबाने सख्खाच. तो जन्मात कधी वेळेवर आलेला नाही. साहेबांचं डोळे मिटून 'हे प्रभू, आम्हाला' इथवर यायचं, आणि बाई म्हणायची, लिसियाटे. तिसऱ्या-चौथ्या वेळी साहेबांनी मला बोलावून घेतलं. देवाशी बोलताना मध्ये घंटी नको, म्हणाले. मी सेटिंगमध्ये जाऊन येणाऱ्याची घंटी आणि नाव, दोन्ही बंद केलं. जाणाऱ्याची घंटी तशीच राहू दिली. प्रार्थनेतून उठून जातंय कोण?

दिवस छान जात होते. फेलेटीने त्याच्या खेकड्याचा वायरवाला छोटा माइक खिडकीत ठेवायला सुरुवात केली होती. "ऐका," म्हणायचा, आणि मग वावाउच्या पत्र्यावरचा पाऊस आमच्या कोरड्या ऑफिसात पडायला लागायचा. मी हाताची घडी घालून त्यावर हनुवटी टेकून ऐकत बसायचे. तो मध्येच काहीतरी बोलायचा, मला हसू यायचं, आणि ते त्याला कळू नये म्हणून मी आवाज बंद करायचं बटण दाबायचे. हिरवे दिवे लाल व्हायचे. मग पोटभर हसून घ्यायचे.

"लाल दिवा काढा," एकदा तो म्हणाला.

मी दिवा हिरवा केला. "तुम्हाला कसं कळलं लाल आहे ते?"

"इतका वेळ गप्प एक तर झोपलेलं माणूस बसतं, नाही तर हसणारं. घोरणं ऐकू येत नव्हतं."

त्यानंतर आम्ही 'अहो-जाहो' सोडलं.

मग एकदा तो व्हॅनिला घेऊन बोटीबरोबरच आला. मला ठाऊक नव्हतं. मी जेट्टीवर पोती उतरवून घेत होते, पावसाची सर येऊन गेली होती, अंबाडा सुटून केस सगळे तोंडावर आले होते. आणि मागून आवाज आला, "काही फुटलं का?"

हातातली हिशेबाची पाटी पडली. यावेळी खरंच फुटली. आवाजावरून मी उंच, शिडशिडीत माणूस कल्पून ठेवला होता. समोर उभा होता तो जेमतेम माझ्याच उंचीचा, रुंद बांध्याचा, बाहेर आलेल्या कानांचा, आणि नखशिखांत भिजलेला. तरी मला हाच बरा वाटला, याचाच मला धक्का बसला. त्याने केळीच्या पानात गुंडाळलेल्या व्हॅनिलाच्या शेंगा माझ्या हातात ठेवल्या. मग त्याचा हात माझ्या तोंडाच्या दिशेने थोडा उठला... आजूबाजूला सगळी माल उतरवणारी माणसं... आणि तो हात वळून स्वतःचाच कान खाजवायला लागला. बोट परत निघाली, तो चढला. माझ्या पिशवीला मात्र पुढे कित्येक दिवस वास येत राहिला.

आता तो सोमवार.

चाचणीला बसलो. फेलेटी नेहमीसारखा नव्हता. घसा खाकरत होता. त्याने आधी विचारलं, आणि नीट विचारलं, हे मी आजही त्याच्या बाजूने सांगते.

"लेसिएली, खेकड्यावर कोण कोण आहे?"

"मी. आणि तू."

"हापाई?"

"लिसियाटेदादा? तो आजवर कधी वेळेवर आलाय?"

मी खिडकीबाहेर बघत होते. फोनच्या छोट्या पडद्याकडे एकदा बघायला काय झालं होतं मला?

"त्या दिवशी जेट्टीवर..." तो म्हणाला, "तुझे केस गालाला चिकटले होते. बाजूला करावेत म्हणून माझा हात उठला होता."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"कानापर्यंत गेला तो."

"हो." तो हसला, पण घाबरत. "मला तो हात जन्मभर कानापर्यंतच नेत राहायचा नाहीये. मला तू आवडतेस, लेसिएली. सोमवार आला नाही तर मला करमत नाही."

इथे मी लाल दिवा लावायला हवा होता. शहाण्या मुलीने तेच केलं असतं. पण मी त्या जाळीवर ओणवी झाले आणि अगदी जवळून, माझ्या आईनेही कधी ऐकला नसेल अशा आवाजात म्हणाले, "मग... केले का नाहीस बाजूला?"

आणि खेकडा म्हणाला, 'टिंग'.

जाणाऱ्याची घंटी.

मी पडद्याकडे पाहिलं. त्यावर जोडलेल्या फोनांचा आकडा असतो. तो तीनवरून दोन होत होता. खाली एक ओळ पुसली गेली. पुसली जाताजाता मी ती वाचली. हापाई.

जन्मात पहिल्यांदा लिसियाटे लवकर आला होता. खोलीत घंटी वाजली नव्हती, नाव पुकारलं गेलं नव्हतं, कारण ते सगळं मीच बंद केलेलं. फेलेटीचा प्रश्न होऊन गेल्यावर तो जोडला गेला असणार, आणि बिचारा कुणी 'कोण आहे' विचारेल म्हणून वाट बघत बसला असणार.

"कोण होतं?" फेलेटीने विचारलं.

"माझा भाऊ."

त्याला पुढे काही समजावून सांगावं लागलं नाही. तोही इथलाच. मग तो "देवा..." म्हणाला, इतक्या हळू, की ती प्रार्थनाच असावी.

त्या दिवशी हापाई मीटिंगला आलंच नाही. साहेबांनी फोन लावून पाहिला, तो वाजून वाजून बंद झाला. हापाईचे वाळवलेले मासे आणि बायकांनी विणलेल्या चटया बोटीवर जागा न मिळता तशाच राहिल्या. पुढच्या सोमवारीही तेच. साहेब वैतागले. लिसियाटे आळशी झालाय, असं सगळ्यांसमोर म्हणाले. मी खाली मान घालून वायरी सरळ करत बसले.

शेवटी मी एलेनोआवहिनीला, लिसियाटेच्या बायकोला फोन केला. ती काळजीत होती. म्हणाली, हे ऑफिसला जात नाहीत, होडीच्या शेडमध्ये जाळी विणत बसतात, जेवणात लक्ष नाही. विचारलं तर म्हणतात, फोन बिघडलाय. "तुला कळतं ना त्यातलं, लेसी? बघ ना काय बिघडलंय ते."

मी फोन ठेवला आणि तोंडावर हात घेऊन बसले. त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. सांगायचं म्हणजे माझे शब्द त्याच्या तोंडून काढायचे, आणि ते त्याच्याच्याने होणं शक्य नव्हतं. त्यापेक्षा त्याने आळशी म्हणवून घेणं पत्करलं होतं. तो माझ्यावर ओरडला असता तर मला इतकं लागलं नसतं. आणि त्याच दिवशी साहेबांनी सांगून टाकलं, येत्या सोमवारी हापाईची खुर्ची रिकामी दिसली तर मी तिथे दुसरा माणूस बसवणार.

फेलेटीचा आवाजही बदलला होता. "वावाउ हजर. व्हॅनिला तयार. बाकी काही नाही." त्या 'बाकी काही नाही'ने मला रडू आलं. भावाचं तोंड माझ्यामुळे मिटलं होतं. त्याची खुर्ची गेली असती तर आमच्या घरात फेलेटीचं नाव पुन्हा कुणी घेऊ शकलं नसतं, मी तर नाहीच.

साहेबांना खरं सांगावं, तर संध्याकाळच्या चर्चपर्यंत ते गावभर झालं असतं. लिसियाटेशी या विषयावर बोलणं या जन्मी शक्य नव्हतं. उरलं एकच माणूस. आत्या.

टोकिलुपेआत्या हापाईलाच राहते. आमच्या घरात आत्याच्या वर कुणी नाही. माझे वडील, जे कुणाचं ऐकत नाहीत, ते तिच्यासमोर आवाज खाली घेतात. मी साध्या फोनवरून तिला लावला आणि सगळं सांगितलं, फक्त स्वतःचं वाक्य सोडून. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "आणि तू काय म्हणालीस?"

सांगावं लागलं. फोनच्या त्या टोकाला इतकी शांतता झाली की मला वाटलं, आता आत्याही 'टिंग' करून जाणार.

"बरं," ती म्हणाली, आणि फोन ठेवला. एवढंच.

सोमवार आला. साहेब येऊन खुर्चीत बसले, मी वावाउला जोडलं, आणि "वावाउ हजर" म्हणणारा आवाज भलत्याचाच निघाला. तिथले म्हातारे कारकून होते. फेलेटी कुठे, असं साहेबांनी विचारलं. तो शनिवारीच बोटीने गेला, ते म्हणाले. कपड्यांची पिशवी घेऊन गेला. कुठे ते काही बोलला नाही.

साहेबांनी प्रार्थना सुरू केली. मी डोळे मिटले, पण मला काही ऐकू येत नव्हतं. त्याचा एक काका न्यूझीलंडला असतो, हे त्यानेच कधीतरी हसत सांगितलं होतं. पळाला. कपडे घेऊन पळाला. आणि मी इथे तीन पायांच्या यंत्रासमोर हात जोडून बसलेय... मला स्वतःचा, त्याचा, खेकड्याचा, सगळ्यांचा राग आला, आणि रागाखाली नुसतं पोकळ वाटत होतं.

'आमेन' म्हणून डोळे उघडले. पडद्यावर तीनचा आकडा होता. हापाई, न वाजता, येऊन बसलं होतं.

"लिसियाटे?" साहेबांनी करड्या आवाजात विचारलं.

"लिसियाटे बाहेर नीरफणसाच्या झाडाखाली उभा आहे," एका बाईचा आवाज आला. "मी टोकिलुपे. त्याची आत्या. आणि तिथे फोन लावून बसलेल्या मुलीचीही."

साहेब उठून उभे राहिले. फोनसमोर. आमच्याकडे मोठ्यांच्या मानासाठी कमरेला गुंडाळतात ती चटईसुद्धा त्यांनी नीट केली. माझ्या हातातून पेन सुटून टेबलावरून घरंगळत गेलं आणि कुणी ते उचललं नाही.

"केपुएली, तुमची मीटिंग थोडी थांबेल," आत्या म्हणाली.

"थांबेल," साहेब म्हणाले.

"पहिलं. लिसियाटे इतके दिवस आला नाही, त्यात त्याचा दोष नाही. खुर्ची त्याचीच राहील. कारण विचारायचं नाही."

"त्याचीच राहील. पण कार..."

"विचारायचं नाही म्हटलं ना."

साहेब गप्प झाले. त्यांना गप्प झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

"दुसरं," आत्या म्हणाली. "शनिवारी बोटीतून एक माणूस उतरला तो सरळ लिसियाटेच्या दारासमोर जाऊन जमिनीवर बसला. कमरेला जुनी, फाटकी चटई. आम्ही रविवारी चर्चला निघालो तेव्हा तो तिथेच, परत आलो तेव्हाही तिथेच. पाऊस पडून गेला, उठला नाही. एलेनोआने ताट नेलं, शिवला नाही."

आमच्याकडे माफी मागायची तर अशी मागतात. तोंडाने काही बोलायचं नाही, फाटकी चटई बांधून दारात बसायचं, आणि घरच्याने आत बोलावलं तरच उठायचं. न बोलावलं तर... बसून राहायचं.

"काल संध्याकाळी लिसियाटे दारात गेला आणि 'आत ये' म्हणाला. तेवढंच. दोघं समोरासमोर बसून जेवले, बोलले फक्त माशांबद्दल. त्या माणसाला मी इथे घेऊन आलेय. बोल रे."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कुणीतरी घसा खाकरला. ते खाकरणं मी ओळखलं.

"हजर," फेलेटी म्हणाला.

साहेब गोंधळले. "कुठली शाखा?"

"वावाउ, साहेब... म्हणजे, हापाईहून."

"खिडक्या मी लावून घेतल्या आहेत," आत्या म्हणाली. "लिसियाटेला ऐकू जात नाही. आता सगळ्या बेटांच्या देखत सांग. तुझा हेतू काय?"

"लग्नाचा," फेलेटी म्हणाला.

वावाउच्या म्हाताऱ्या कारकुनांना जोरात ठसका लागला. साहेब खाली बसले. मी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली; मी कुठे होते ते मात्र मला सांगता येणार नाही.

"लेसिएली. तुझा?"

मी म्हणाले, "हो."

कुणीच काही बोललं नाही. आत्याने पुन्हा हाक मारली. मी पुन्हा 'हो' म्हणाले, जरा मोठ्याने. पुन्हा शांतता. "ती गप्प का आहे?" फेलेटीचा आवाज... तो इतका घाबरलेला मी कधीच ऐकला नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी जीव तोडून सांगत होते आणि ऐकणारं कुणी नव्हतं. तेवढ्यात साहेबांनी हात लांब केला, ज्या बटणाला घाबरून त्यांनी आजवर कधी बोट लावलं नव्हतं ते दाबलं, आणि तीन लाल दिवे हिरवे झाले. खेकडा टेबलाच्या कडेलाच ओढून ठेवला होता, आणि कड धरताना माझाच अंगठा त्या बटणावर पडला होता.

"आता बोल," साहेब म्हणाले.

"हो," मी म्हणाले. "हो, आत्या."

पलीकडे कुणीतरी इतका लांब श्वास सोडला की तो माझ्या तोंडावर आला. तो श्वास माझ्या ओळखीचा होता.

मग खिडक्या उघडल्याचा आवाज आला. आत्याने बाहेर हाक मारली. पावलं वाजली, खुर्ची करकरली, आणि सगळ्या बेटांनी आपापला श्वास धरून ठेवला.

"हापाई हजर," लिसियाटे म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखाच संथ होता. "या बोटीचा माल. चटया आहेत. वाळवलेले मासे आहेत, मागचे पण. आणि..." तो थांबला. "वावाउचा एक माणूस आहे. बराच भिजलेला आहे, पण टिकाऊ वाटतो. नुकुआलोफाला उतरवून घ्यावा."

यापलीकडे या विषयावर माझा भाऊ कधी काही बोलला नाही आणि बोलणारही नाही. पण मला जे हवं होतं ते सगळं त्यात होतं. मी ओठ दाबून रडत होते.

साहेबांनी सवयीने पेन उचललं आणि सवयीनेच विचारलं, "हा माल कुणाच्या नावावर?"

विचारून होताच त्यांना कळलं आपण काय केलं ते, आणि त्यांचा चेहरा पडला. मी 'माझ्या' म्हटलं असतं तर लिसियाटेला पुन्हा खुर्चीतून उठून जावं लागलं असतं. मी पडद्याकडे बघत होते. तीनचा आकडा. दोन होऊ नकोस, दोन होऊ नकोस...

"माझ्या नावावर," आत्या म्हणाली. "वाटप मी करीन."

आकडा तीनच राहिला.

"बरं, दादा," मी म्हणाले. "नुकुआलोफा उतरवून घेईल."

मीटिंग संपल्यावर मी सगळ्यात आधी काय केलं असेल तर सेटिंगमध्ये जाऊन येणाऱ्याची घंटी चालू केली, नावासकट, आवाज पूर्ण मोठा. साहेब बघत उभे होते. देव घंटी चालवून घेईल, एवढंच म्हणाले.

बोट लागली त्या दिवशी ऊन होतं आणि वारा सुटला होता. आधी चटया उतरल्या, मग मासे, आणि त्यानंतर तो... फाटकी चटई अजून कमरेलाच, कान उन्हाने लालबुंद. मी मुद्दाम अंबाडा बांधला नव्हता, हे आता सांगायला हरकत नाही.

तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. हात उठला. अर्ध्यावर थांबला. त्याने जेट्टीवरच्या माणसांवर एकदा चौफेर नजर फिरवली आणि मोठ्याने विचारलं, "इथे हिचा कुणी भाऊ आहे का?"

बोटीचा दोर बांधणाऱ्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोर खाली ठेवला आणि एक अक्षर न बोलता, पाठ फिरवून, जेट्टीच्या पार दुसऱ्या टोकाला चालू लागले. माझ्या आईकडून भाऊच ते.

ते पुरेसे लांब गेले. मग फेलेटीने माझ्या गालावरचे केस बाजूला केले.